गावचा वाघूळ-दिवस : योजना आणि दक्षता

गावकुसाजवळील वडावर अथवा चिंचेवर दिवसभर उलटी लोंबकळणारी मोठी वाघळे सर्वांच्या परिचयाची असतात. परंतु त्यांच्याविषयी खरी माहिती फार थोड्यांस असते. वाघूळ आंधळे असते, ते माणसाच्या केसांत गुंतते, ते घरात शिरले तर अरिष्ट येते, त्याच्या चरबीने सांधेदुखी बरी होते, असे समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. यांपैकी एकही खरा नाही. चरबीविषयीच्या समजापायी तर आजही वाघळांची हत्या होते. हे समज व्याख्यानाने जात नाहीत. आबालवृद्धांनी एकत्र जमून प्रत्यक्ष पाहिले म्हणजेच ते ढिले होतात. युरोपात १९९७ पासून ऑगस्टच्या अखेरीस ‘वाघूळ-रात्र’ पाळण्याची प्रथा आहे. त्या दिवशी आईबाप मुलांना घेऊन जाणकाराबरोबर संध्याकाळी बाहेर पडतात व वाघळांचे उड्डाण पाहतात. आपल्या खेड्यांतूनही असा दिवस अल्प खर्चात भरविता येईल.

ऑगस्ट महिना मात्र आपल्याकडे सोयीचा नव्हे. पाऊस उघडून आकाश स्वच्छ झाल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षातील एखादी संध्याकाळ निवडावी. उन्हाळ्याच्या तोंडी मोठ्या वाघळांच्या माद्यांच्या पोटाशी पिले असतात. त्या काळात झाडाखाली गर्दी करू नये. मादीस वर्षातून बहुधा एकच पिलू होते. त्यामुळे एकदा घटलेली वसाहत पुन्हा भरून येण्यास पुष्कळ वर्षे लागतात.

वाघळांचे दोन प्रकार कार्यकर्त्याने प्रथम नीट समजावून द्यावेत. मोठी फलाहारी वाघळे दृष्टीने व वासाने फळ शोधतात. वड, उंबर, जांभूळ यांचे बी ती दूरवर नेऊन टाकतात. पडिक माळावर कोणी न लावलेले उंबराचे रोप उगवते, त्याचे श्रेय अनेकदा यांना असते. लहान कीटकभक्षक वाघळे मात्र स्वतःच्या सूक्ष्म आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारात पतंग व भुंगे टिपतात. थायलंडमध्ये अशी वाघळे भातावरील पांढऱ्या पाठीचे तुडतुडे खातात असे आढळले आहे. अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीजन्य रोगाने लक्षावधी वाघळे मेली. ज्या भागांत ती नष्ट झाली तेथील शेतकऱ्यांना कीटकनाशकांचा वापर सरासरी सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवावा लागला, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हा आकडा आपल्या शिवारास जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु फवारणीचा खर्च सोसणाऱ्या शेतकऱ्यास त्यातील मर्म सांगावे लागत नाही.

बागाईतदाराचे गाऱ्हाणे येथे हसण्यावारी नेऊ नये. पिकू लागलेल्या चिकू, पेरू व द्राक्षाच्या बागेत फलाहारी वाघळे नुकसान करतात, हे खरे आहे. सभेत हे कबूल केले नाही तर बागाईतदार उठून जाईल आणि पुढचे सारे सांगणे वाया जाईल. त्याला हे दाखवून द्यावे की, वाघूळ मुख्यतः झाडावर पिकलेल्या फळावर येते. बाजारासाठी आंबा व चिकू तयार परंतु कठीण असतानाच उतरवितात. म्हणून तोडणी वेळेवर करणे हा पहिला उपाय. दुसरा उपाय जाळ्याचा. जाळे ताठ बांधलेले असावे व त्याच्या छिद्रातून बोट जाऊ नये. सैल, मोठ्या छिद्रांच्या जाळ्यात वाघळे अडकून तडफडून मरतात व जाळेही फाटते. विष घालणे, फटाके लावणे अथवा वसाहतीचे झाड तोडणे हे उपाय नव्हेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वाघळांची गणना उपद्रवी प्राण्यांत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली, ही गोष्ट अनेक गावांत अद्याप माहीत नाही.

रोगाचा विषयही टाळू नये. फलाहारी वाघळांमध्ये निपाह विषाणूचे वास्तव्य असते. केरळात २०१८ साली त्याची जीवघेणी साथ आली. महाबळेश्वर परिसरातील गुहेत २०२० मध्ये पकडलेल्या वाघळांतही या विषाणूच्या संसर्गाची चिन्हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत मिळाली. म्हणून मुलांना निक्षून सांगावे की, पाखरांनी वा वाघळांनी उष्टावलेले फळ खाऊ नये, पडलेले वाघूळ हाताळू नये, गुहेत शिरू नये. जखमी वाघूळ अथवा पिलू आढळल्यास वनखात्यास कळवावे. वाघळे हुसकावल्याने रोग टळत नाही; बिथरलेला थवा मात्र दुसऱ्या गावाजवळ जाऊन बसतो.

कार्यक्रम साधा ठेवावा. दुपारी शाळेत माहिती व मुलांची चित्रे, नंतर बायाबापड्यांसह सर्वांनी झाडापासून सुमारे पन्नास पावले दूर बसावे. ढोल, ध्वनिक्षेपक व प्रखर दिवे वर्ज्य समजावेत. सूर्य मावळल्यावर गणना करावी. झाडाच्या चार बाजूंस चार जोड्या बसवाव्यात. प्रत्येक जोडीतील एकाने आपल्याच दिशेने उडणारी वाघळे मोजावीत व दर दहांस दुसऱ्याने ज्वारीचा एक दाणा वाटीत टाकावा. अंधार पडल्यावर दाणे मोजून बेरीज करावी. दोन-तीन संध्याकाळी अशीच गणना केली म्हणजे आकडा अधिक विश्वसनीय होतो. मुलांना हे काम फार आवडते, आणि मोजण्याच्या भरात गलकाही आपोआप थांबतो.

दुसऱ्या दिवशी झाडाचे ठिकाण, जात, गणनेची तारीख व आकडा ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत लिहून घ्यावा. रस्तारुंदीकरणात अथवा वीजतारांच्या कामात ते झाड आड येऊ लागले तर ही नोंद गावाच्या हाती असते. पुढील वर्षी गणना त्याच महिन्यात, त्याच चार जागांवरून करावी.