शिफ्ट दाबून चाल, पोरी

परवा तू लॅपटॉपवर प्रिन्स ऑफ पर्शिया लावलंस आणि अर्ध्या मिनिटात राजपुत्राला सुळ्यांवर पाडलंस. त्याची किंकाळी ऐकून तुझी आजी स्वयंपाकघरातून धावत आली, "कोण पडलं गं विहिरीत?" मी मात्र तिथल्या तिथे तीस वर्षं मागे गेलो. मांडवगणहून दौंडला कॉम्प्युटर क्लासला जायचो, तेव्हा सर जेवायला गेले की आम्ही हाच गेम लावायचो. म्हणून तुला चार गोष्टी सांगून ठेवतो. मला त्या कुणी सांगितल्या नव्हत्या, पडून पडूनच शिकलो.

सगळ्यात आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टिकी कीज बंद कर. या गेमचा सगळा जीव शिफ्टच्या बटणात आहे. लढताना ते पाच वेळा पटापट दाबलं गेलं की मध्येच चौकट उघडते आणि तेवढ्यात समोरचा पहारेकरी आपलं काम उरकतो.

आता चालायचं कसं ते. नुसता बाण दाबलास तर राजपुत्र पळतो. शिफ्ट धरून बाण दाबलास तर एकेक पाऊल टाकतो. रात्री उसाला पाणी द्यायला गेल्यावर आपण बांधावरून कसे चालतो? बॅटरी पुढे, कान मागे, पाय चाचपत. बिबट्याच्या भीतीने शिरूरच्या सगळ्या शेतकऱ्यांना ही चाल येते, तुलाही येईल. सुळ्यांमधून असा एकेक पाय टाकत गेलीस तर ते काहीच करत नाहीत, पळत गेलीस किंवा वरून पडलीस तरच घात. काही फरशा पायाखाली हलतात आणि निखळतात, तिथे थांबायचं नाही. पडताना शिफ्ट धरून ठेवलंस तर तो कडा पकडतो. एक मजला पडला तर चालतं, दोन मजले पडला तर एक जीव जातो, तीन मजल्यांवरून पडला तर संपला.

वरखाली मिटणारं ते पातं आहे ना, त्याला आजी अडकित्ता म्हणते आणि नाव अगदी चपखल आहे. त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहा, मिटून उघडलं की लगेच पलीकडे. आजी शेजारी बसली असेल तर ती "आत्ता!" म्हणेल. तिचं ऐक. आयुष्यभर सुपारी कातरलीय तिनं, तिचा अंदाज माझ्यापेक्षा पक्का आहे.

सुरुवातीला राजपुत्राच्या हातात काहीच नसतं. तलवार पहिल्याच लेव्हलमध्ये जमिनीवर पडलेली असते, ती घेतल्याशिवाय पहारेकऱ्यापुढे जायचं नाही, एका वारात मारतो. बाटल्या दिसल्या की बुडबुड्यांचा रंग बघ. लाल औषध, निळं विष. आमच्या क्लासातला मॉनिटर काळा-पांढरा होता, आम्हाला दोन्ही सारखीच करडी दिसायची. पिऊनच कळायचं! तुला रंग दिसतायत, मग घाई कशाला?

घाई का होते तेही सांगतो. जाफर वजीर राजकन्येला एक तासाची मुदत देतो, आणि तो तास खरा साठ मिनिटांचा असतो. मेलीस तर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. तरीही पळणाऱ्यापेक्षा बघून चालणाराच वेळेत पोचतो, हे मी शंभर वेळा पाहिलंय.

तिसऱ्या लेव्हलमध्ये हाडांचा सापळा उठून उभा राहतो. तो तलवारीने मरत नाही. वार करत करत त्याला कड्यापर्यंत रेटायचं आणि खाली ढकलायचं. हे कळेपर्यंत आम्ही एक आख्खा पावसाळा त्याच्याशी लढलो होतो.

पण खरी गंमत चौथीत आहे. वाटेत आरसा उभा राहतो. त्यातून धावत उडी मारायची. मारलीस की तुझी सावली दुसऱ्या बाजूने निघून पळते आणि तुझा एकच जीव उरतो. पुढे ती सावली तुझं औषध पिते, तुझ्या तोंडावर दार लावते. आजी तिला भाऊबंद म्हणते. शेवटच्या, बाराव्या लेव्हलमध्ये ती तलवार घेऊन समोर येते. तिच्यावर वार केलास की जीव तुझाच कमी होतो. तिथे खालचा बाण दाबून तलवार म्यान कर आणि सरळ तिच्याकडे चालत जा. ती तुझ्यात मिसळते. हे मला पहिल्यांदा जमलं तेव्हा मी क्लासात उभा राहिलो होतो.

हा गेम जॉर्डन मेकनर नावाच्या पोराने जवळजवळ एकट्याने केला, 1989 साली ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी. 1985 मध्ये त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून राजपुत्र कड्याला लोंबकळला की आपलेच हात भरून येतात. नवा शत्रू काढायला मेमरी उरली नव्हती, तेव्हा राजपुत्राचीच चित्रं वापरून त्याने ती सावली केली. एवढ्या अडचणीतून एवढी सुंदर गोष्ट निघाली, याचं मला अजून नवल वाटतं.

आठव्या लेव्हलला तू दाराआड अडकशील. तिथे धीर धर, राजकन्या एक पांढरा उंदीर पाठवते, तो बटणावर उडी मारून दार उघडतो. आजीला हा उंदीर फार आवडतो. राजकन्या सुटली तर वाघेश्वराला नारळ वाढवीन असं ती बोललीय, तेव्हा आता माघार नाही.

आज थ्री फेज रात्री दहाला येणार आहे. मी मोटर चालू करून येतो, तोवर तू तिसरीत जा. तिथपासून पुढे कंट्रोल आणि जी दाबलं की गेम सेव्ह होतो. तुझ्या लॅपटॉपची बॅटरी उतरलीय, चार्जर लाव, आणि लाईट जायच्या आत सेव्ह कर.