प्रथिनाची माळ वर्गातच ओवा

प्रश्न : मी दहावीला विज्ञान शिकवते. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या धड्यातील प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण मुले पाठ करतात. पण प्रथिन नेमके कसे बनते, हे त्यांना सांगता येत नाही. काय करावे?
– एक शिक्षिका, मुकुटबन (जि. यवतमाळ)

उत्तर : व्याख्या नंतर सांगा, आधी मुलांना माळ ओवू द्या. तुमचे टेबल म्हणजे केंद्रक. तिथे डीएनएच्या पट्टीवर ‘टीएसी सीटीसी’ लिहा. ही पट्टी टेबलावरून हलवायची नाही. एक विद्यार्थी तिच्यावरून पूरक अक्षरे चिठ्ठीवर उतरवेल : ‘एयूजी जीएजी’. हे प्रतिलेखन, आणि चिठ्ठी म्हणजे एमआरएनए. चिठ्ठी बाकावर, म्हणजे रायबोसोमवर न्या. टीआरएनए झालेली मुले तीन-तीन अक्षरांशी जुळणारे मणी आणतील : मेथिओनिन, मग ग्लुटामिक आम्ल. हे भाषांतरण. प्रत्येक मण्यानंतर रायबोसोम झालेल्या मुलाचे बोट तीन अक्षरे पुढे सरकेल, हे स्थानांतरण.

आता पट्टीवरील ‘सीटीसी’चे ‘सीएसी’ करा. चिठ्ठीवर ‘जीयूजी’ येते आणि मणी व्हॅलिनचा होतो. आपल्या विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलचे मूळ हेच : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहावे बदलते आणि ऑक्सिजन कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

एखाद्या मुलाच्या घरी हा आजार असू शकतो. त्यात कोणाचाही दोष नसतो, हे वर्गात आवर्जून सांगा.