शेजाऱ्याचं ऊन न अडवता हिरवा आडोसा

दिल्लीत आर. के. पुरममधल्या तळमजल्याच्या सरकारी क्वार्टरला मागेपुढे थोडीशी माती मिळते आणि ती संपते तिथे लगेच शेजाऱ्यांची सुरू होते. आडोसा हवा असतोच. पण रोपं निवडण्याआधी शेजाऱ्यांचं ऊन मोजावं. जानेवारीत धुकं फाटल्यावर दुपारचे दोन-तीन तास जे ऊन मिळतं, त्यासाठी घरातली म्हातारी माणसं सकाळपासून वाट बघत असतात. ते अडवणारं कुंपण कितीही देखणं असलं तरी लावू नये.

आधी उंची ठरवा. अंगणात एरवी खुर्ची टाकता तिथेच बसा आणि पलीकडे कुणाला तरी उभं करा. उभ्या माणसाची नजर साधारण साडेपाच फुटांवर असते, म्हणून ६ फूट उंची पुरते. वरच्या मजल्यावरून दिसतं ते कुंपणाने झाकलं जात नाही. त्यासाठी बसायच्या जागेवर तारेची जाळी बांधून मधुमालती चढवा. उन्हाळ्यात ती दाट होते आणि दिल्लीच्या थंडीत बरीच विरळ होते, त्यामुळे तेव्हा ऊन खाली उतरतं.

मग सावली. डिसेंबरच्या अखेरीस इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३८ अंश वर असतो. तेव्हा ६ फुटी कुंपणाची सावली उत्तरेकडे साडेसात फुटांपेक्षा लांब पडते. शेजारी उत्तरेला असतील तर त्यांच्या खाटेची जागाच गेली. तिथे साडेचार फुटांवर थांबा, बसलेल्या माणसाला तेवढा आडोसा होतो. शेजारी दक्षिणेला असतील तर सावली तुमच्याच अंगणात येते, तेव्हा निर्णय तुमचा.

ठरवलेल्या उंचीवर दोन काठ्यांना दोरी ताणा आणि पलीकडच्या भाभीजींना बोलावून दाखवा. कागदावरच्या आकड्यापेक्षा दोरी लगेच कळते, आणि कपडे वाळत घालायची जागा, तुळस, लिंबाचं झाड या तुमच्या लक्षात न आलेल्या गोष्टी त्याच सांगतात. क्वार्टरची देखभाल बघणाऱ्या सीपीडब्ल्यूडीच्या इन्क्वायरी ऑफिसातही विचारून घ्या, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप कुठून गेलेत ते.

आता रोप. चांगलं ऊन आणि नियमित पाणी असेल तर माझी पहिली पसंती कुंतीला. नर्सरीत ती कामिनी म्हणून मागा. बारमाही हिरवी, छाटणी सोसणारी, पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचा वास दोन्ही घरांत जातो. मात्र ती लिंबाच्याच कुळातली. लिंबावर येणारी सिला ही कीड तिच्यावरही पोसली जाते, म्हणून पलीकडे लिंबू असेल तर कुंती टाळा. कडुनिंबाखाली अर्धी सावली आणि पाण्याची ओढ असेल तिथे अडुळसा लावा. तो दिल्लीच्या रिजवर आपोआप वाढतो, लू सोसतो आणि शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत. मेंदी स्वस्त आणि चिवट असते, पण थंडीत पानं गाळते, म्हणजे पडदा नेमका तेव्हाच विरतो. लहान मुलं असतील तर कण्हेर नको, ती सर्वांगाने विषारी. झटपट वाढतो म्हणून कुणी कोनोकार्पस सुचवला तर नाही म्हणा; गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

खोट्या अशोकाची रांग लावण्याआधी एक कायदा ध्यानात घ्या. दिल्लीच्या १९९४च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर ज्याचं खोड किमान ५ सेंटिमीटर जाड आणि उंची किमान १ मीटर, ते झाड. पुढे ते काढायचं तर परवानगी लागते. बदली झाल्यावर ती अडचण नव्या कुटुंबाच्या गळ्यात पडते.

लावणी जुलैत, दोन चांगले पाऊस पडल्यावर. हद्दीपासून दीड-दोन फूट आत दोरी धरून दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर खणा. निघालेल्या मातीत एक तृतीयांश कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळा. रोपं दोन-दोन फुटांवर, पिशवीत होती तेवढ्याच खोलीवर लावा. बुंध्याशी माती पायाने दाबा आणि भरपूर पाणी द्या. सगळे नवे फुटवे वीतभर वाढले की शेंडे खुडा. इथेच बहुतेकांचा हात अडतो; उंची हवी असताना शेंडा कसा खुडायचा? पण न खुडलेलं रोप काठीसारखं वर जातं आणि खालून उघडं पडतं, आणि बसलेल्या माणसाला आडोसा खालीच लागतो.

मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते, ती जाळू नका, चरावर चार बोटं पसरा. मे-जूनच्या लूत मुळं त्याखाली गार राहतात. पाणी संध्याकाळी द्या. छाटणी मार्चमध्ये आणि पुन्हा पाऊस ओसरताना. बुंध्याकडे रुंद आणि माथ्याला अरुंद अशी करा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. पलीकडच्या बाजूची छाटणी विचारून करा आणि तिकडे पडलेला पाला त्याच दिवशी उचला.