काचविटांची खिडकी : बसवणी आणि निगा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी तेथे नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांपैकी एकीस येवल्याचे भूमिपुत्र सेनानी तात्या टोपे यांचे नाव देण्यात आले. तेच टी. टी. नगर. अशा वसाहतींत वस्ती दाटत गेली की बोळाकडील न्हाणीघर किंवा जिना अंधारा होतो. उजेड तर हवा, परंतु शेजाऱ्याची नजर नको, अशा ठिकाणी काचविटांची खिडकी उपयोगी पडते.

पोकळ काचवीट प्रथम १८८६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये गुस्ताव फाल्कोनिए यांनी प्रचारात आणली. आजची वीट साच्यात दाबलेले दोन अर्धे भाग तापवून जोडून केलेली असते. आतील कोंडलेल्या हवेमुळे साध्या एकेरी काचेपेक्षा उष्णता व आवाज यांना अधिक अटकाव होतो.

मात्र ही वीट उजेड देते. हवा देत नाही आणि भारही सोसत नाही. या दोन मर्यादा विसरल्याने पुढील बहुतेक त्रास उद्भवतात.

पूर्वतयारी : खिडकीवर भक्कम लिंटल असावे. सरकारी निवासात लेखी परवानगीवाचून भिंत फोडू नये. प्रचलित वीट १९० × १९० × ८० मिलिमीटर मापाची असते. दरज १० मिलिमीटर धरल्यास एका चौरस मीटरला २५ विटा लागतात. वीट तोडून लहान करता येत नाही, म्हणून विटांच्या मापाने चौकट ठरवावी. पाच विटा रुंद व पाच उंच अशा खिडकीस सुमारे १०२ सेंटिमीटरची मोकळी जागा लागते.

बसवणी : तळाशी डांबराचा पातळ थर द्यावा. दोन्ही बाजूंस व माथ्यावर दबणाऱ्या फोमची पट्टी ठेवावी. तेथे सिमेंट ठासू नये. भोपाळच्या परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंत किंचित हलली तरी तिचा दाब काचेवर येता कामा नये, हा पट्टीचा हेतू आहे.

मातीची वीट भिजवून लावतात. काच पाणी शोषत नाही, म्हणून काचवीट कोरडीच लावावी व मसाला घट्ट कालवावा. पांढरे सिमेंट एक भाग, चुना एक भाग व बारीक चाळलेली वाळू चार भाग हे प्रमाण योग्य होय. येथे सांधमोड करीत नाहीत; उभ्या दरजा एका रेषेत येतात. म्हणून दरजांत न गंजणारी ६ मिलिमीटरची सळई घालावी. ती काचेला टेकू देऊ नये. ओळंबा व पाणसळ प्रत्येक थराला पाहावी. ओला मसाला भाराने दबतो, यास्तव सर्व थर एकाच दिवशी रचू नयेत. काचेवरील मसाला ओला असतानाच पुसावा. शेवटी कडेच्या फटी सिलिकोनने बंद कराव्यात.

हवा : न्हाणीघरात किंवा स्वयंपाकघरात सर्व खिडकी काचविटांनी भरून टाकणे धोक्याचे आहे. गॅसवर पाणी तापवण्याचे यंत्र बंद न्हाणीघरात चालविल्यास विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. यासाठी उघडणारे तावदान किंवा कायम उघडा झरोका राखलाच पाहिजे. असे यंत्र न्हाणीघराबाहेर बसविणे हेच उत्तम. पश्चिमेकडील खिडकीवर छज्जा असावा. अन्यथा मे महिन्यात खोली तापते.

निगा : मऊ फडके व सौम्य साबण पुरेसा आहे. तारेचा ब्रश व आम्ल वापरू नये. आम्लाने दरजा खिळखिळ्या होतात. पावसाळ्यापूर्वी दरजा व सिलिकोन तपासावे आणि भेगा तत्काळ भराव्यात. एखादी वीट तडकल्यास डोळ्यांस चष्मा व हातमोजे घालून दरजेतून मसाला कोरावा, वीट काढावी व नवी बसवावी. परंतु विटा वारंवार तडकू लागल्या तर दोष काचेचा नसून वरील भाराचा किंवा खचणाऱ्या भिंतीचा समजावा आणि प्रथम भिंतीचा इलाज करावा.