ध्वनि निरनिराळ्या पदार्थांतून कसा जातो

ध्वनि म्हणजे पदार्थाचा कंप होय. घंटेवर टोला पडला म्हणजे ती थरथरते व लगतच्या हवेस धक्का देते. ती हवा पुढील हवेस देते, आणि असा तो धक्का आपल्या कानापर्यंत येतो. विहीर खणतांना ओळीनें उभीं असलेलीं माणसें मातीची पाटी हातोहात देतात. पाटी पुढें जाते, माणसें जागचीं हालत नाहींत. हवेचेंही तसेंच आहे. जेथें देणारा घेणारा कोणी नाहीं, तेथें ध्वनीस वाट नाहीं. रॉबर्ट बॉइल यांनीं १६६० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काचेच्या भांड्यांत दोऱ्यानें घड्याळ टांगून आंतील हवा काढून घेतली, तेव्हां त्याची टिकटिक ऐकूं येईनाशी झाली.

कोणास वाटेल कीं, पदार्थ जितका घट्ट तितका तो ध्वनीस अडवीत असेल. पण खरा प्रकार निराळा आहे. पदार्थाच्या ताठरपणानें ध्वनीची गति वाढते व जडपणानें कमी होते. पाणी हवेहून सुमारें ८०० पट जड आहे; परंतु तें दाबून लहान करणें हवेहून सुमारें १५,००० पट कठीण आहे, म्हणून त्यांत ध्वनि अधिक वेगानें जातो. १८२६ सालीं जिनीव्हाच्या सरोवरांत कोलाडाँ व स्टर्म या दोघांनीं हें मोजिलें. एका नावेखालीं पाण्यांत घंटा वाजवितांच वर बंदुकीची दारू पेटत असे. दूरच्या नावेंतील मनुष्य तो उजेड पाही, आणि पाण्यांत सोडलेल्या नळीस कान लावून नादाची वाट पाही. त्यावरून गति सेकंदास १,४३५ मीटर निघाली. २० अंश उष्णतेच्या हवेंत ती ३४३ मीटर असते, तर पोलादाच्या सळईंत सुमारें ५,००० मीटर.

मात्र एका पदार्थांतून दुसऱ्यांत शिरतांना ध्वनि पुष्कळदां मागें फिरतो. हवेंतील नाद पाण्यावर पडला तर त्याच्या शक्तीचा हजारांतील सुमारें एकच भाग आंत जातो. आपल्या अंतःकर्णांतही द्रव आहे. तेथें ही अडचण दूर करण्यास कानाच्या पडद्यामागें तीन लहान हाडांची सांखळी आहे. ती मोठ्या पडद्यावरील धक्का एका लहानशा खिडकीवर एकवटून द्रवास हालविते. सर्दीमुळें किंवा कान वाहण्याच्या विकारानें पडद्यामागें पाणी अथवा पू सांचला, तर ही सांखळी मोकळेपणानें हालत नाहीं, व मुलास कमी ऐकूं येतें.

अशा वेळीं डॉक्टर नादकांटा वाजवून प्रथम कानासमोर धरितात, नंतर कानामागील हाडावर टेंकितात. ही परीक्षा रिने यांनीं १८५५ सालीं प्रसिद्ध केली. हाडावरून नाद अधिक मोठा ऐकूं आला, तर हवेची वाट अडली असून आंतील मज्जातंतु बहुधा शाबूत आहे असें समजतें. आणि अडलेली वाट पुष्कळदां उपचारानें मोकळी होते.

यास्तव आईबापांनीं व शिक्षकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. हाक मारिली असतां जें मूल ओ देत नाहीं, त्यास मठ्ठ म्हणून छडी दाखविण्यापूर्वीं त्याचे कान डॉक्टरांस दाखवावे. वाहणाऱ्या कानांत तेल, पाल्याचा रस किंवा काडी घालूं नये. ज्यास शब्द पोहोंचतच नाहीं, त्यानें उत्तर कसें द्यावें?