पर्गाहून मागें फिरलेला तरुण

मंडळ्यांत फिरत असतां एक वाक्य आमच्या कानीं वारंवार पडतें: "आतां कोणत्या तोंडानें देवळांत येऊं?" कोणीं लग्नाच्या गडबडींत भाऊबंदांच्या आग्रहास बळी पडून सोडलेली दारू पुन्हां घेतलेली असते; कोणीं शेताच्या बांधावरून सख्ख्या भावावर हात उगारलेला असतो; आणि कधीं हें वाक्य खुद्द उपदेशकाच्याच मुखांतून, फार हलक्या आवाजांत निघतें. असा मनुष्य प्रथम दाराशीं बसूं लागतो. मग प्रभुभोजनाच्या रविवारीं त्यास नेमकें परगांवीं काम निघतें, आणि पुढें त्याची जागा रिकामीच राहते. त्याचें पाप लहान आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पापापेक्षां ही लाजच त्यास अधिक दूर नेते, असें आम्हांस दिसून आलें आहे. अशांकरितां योहान मार्क याची हकीकत पाहूं.

मार्क हा यरुशलेमांतील मरीया नांवाच्या बाईचा मुलगा. पेत्र तुरुंगांतून सुटला त्या रात्रीं शिष्य जेथें प्रार्थनेस जमले होते, तें घर हिचेंच. बर्णबा त्याचा आप्त. इ. स. ४७ च्या सुमारास बर्णबा व पौल सुवार्तेच्या फेरीस निघाले, तेव्हां हा तरुण त्यांच्या सोबतीस होता. कुप्र बेटांत त्यानें त्यांस साहाय्य केलें. पण समुद्र ओलांडून पंफुल्यांतील पर्गा येथें पोहोंचल्यावर तो त्यांस सोडून घरीं परतला. कां परतला, हें लूक सांगत नाहीं. पुढें तोरस डोंगराची अवघड वाट होती. मागें घरीं आई होती. कारण कांहीं असो, नांगराला हात घातलेला गडी अर्ध्या शेतांतून निघून गेला.

कांहीं वर्षांनीं दुसरी फेरी ठरली. बर्णबा म्हणाला, मार्कास घेऊं. पौल म्हणाला, नको. या दोघां भक्तांत इतका तंटा झाला कीं ते एकमेकांपासून वेगळे झाले. शास्त्रानें हें झांकून ठेविलें नाहीं. पौलास दोष देण्यास आम्ही धजत नाहीं. ज्या कामांत लुस्त्र येथें त्यास दगडमार सोसावा लागला, त्या कामास भरंवशाचाच सोबती पाहिजे होता. पण बर्णबा चुकला असेंही आम्हांस वाटत नाहीं. पौल स्वतः प्रथम यरुशलेमास आला, तेव्हां सर्व शिष्य त्यास भीत होते. त्या वेळीं त्यास प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता!

बर्णबानें मार्कास कोठें नेलें? कुप्रास. म्हणजे पहिल्या फेरींत जेथें मार्काचें काम नीट झालें होतें, तेथेंच. उपदेशकांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. पडलेल्या मनुष्यास लागलाच बोध करण्यास उभें करूं नये, आणि "तूं नुसता बसून राहा" असेंही म्हणूं नये. त्यास पेलेल असें काम द्यावें: सतरंज्या अंथरणें, आजाऱ्याच्या घरीं तुमच्याबरोबर येणें. बांधावरून भांडलेल्यास देवाजवळ पाप कबूल करण्यास सांगावें, आणि भावाच्या दारीं क्षमा मागण्यास तो निघाला तर आपणही त्याच्यासोबत जावें. दारू सोडणाऱ्यास लग्नाच्या दिवशीं एकटें टाकूं नये. एखाद्या बांधवानें पंगतींत त्याच्या शेजारीं बसावें. हें काम बोध करण्याहून कठीण आहे, हें आम्ही जाणतों.

त्यानंतर कुप्रांत काय झालें? प्रेषितांच्या कृत्यांत मार्काचें नांव पुन्हां येत नाहीं. दहाएक वर्षें अशीं जातात कीं त्यांविषयीं एक ओळही लिहिलेली नाहीं. आपली सुधारणा महिन्या दोन महिन्यांत दिसत नाहीं म्हणून जे रडतात, त्यांनीं या न लिहिलेल्या वर्षांचा विचार करावा. मग एके दिवशीं, पौल बंदींत असतां, कलस्सैच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रांत मार्काचा सलाम येतो, आणि तो आल्यास त्याचा स्वीकार करा असें तेथें सांगितलें आहे. पुरातन परंपरेप्रमाणें दुसरें शुभवर्तमान यानेंच लिहिलें. आणि पेत्रानें प्रभूस नाकारल्याची गोष्ट त्यांत लपविलेली नाहीं.

तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत पौलाचा शेवट जवळ आला आहे. देमास त्यास सोडून गेला आहे. जवळ एकटा लूक आहे. हिवाळ्यापूर्वीं ये, असें तो तीमथ्यास विनवितो. त्रोवसास राहिलेला झगा व चर्मपत्रें तो मागवितो, आणि त्यांच्याही आधीं मार्कास मागवितो, कारण सेवेस तो आपल्या उपयोगी आहे असें तो लिहितो.

ज्या बांधवाची जागा रिकामी आहे, त्याच्या घरीं या आठवड्यांत सायंकाळीं जावें, आणि कृत्यांचे १३ वा व १५ वा अध्याय व या पत्राचा ४ था अध्याय त्याच्यासमवेत वाचावा. त्यास वाचतां येत असेल तर शेवटचा अध्याय त्याजकडूनच वाचवावा.