बिलात आठ, इंजिनात सहा

गॅरेजच्या बिलावर स्वच्छ छापलं होतं: स्पार्क प्लग, नग ८, मजुरीसह. पैसे मी पूर्ण भरले आणि पावती जपून ठेवली. त्या आठांपैकी दोन प्लगना कुणी हातसुद्धा लावला नव्हता. हे सिद्ध करायला मला स्वतः बॉनेट उघडून पाना हातात घ्यावा लागला, आणि सिद्ध झाल्यावरही समोरच्या माणसाच्या तोंडून ‘चुकलं’ एवढं निघालं नाही. तो राग अजून गेलेला नाही. पण ज्यांच्याकडे जुनी पिकअप आहे, त्यांच्या उपयोगाचं यात बरंच आहे, म्हणून लिहितेय.

गाडी म्हणजे २००४ ची शेवरले सिल्व्हराडो, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन. कॅलिफोर्नियातला ट्रेसी ते लिव्हरमोर हा माझा रोजचा रस्ता आणि मध्ये आल्टामाँट पासचा चढ. सपाटीवर गाडीची काही तक्रार नसायची. चढ लागला, की इंजिन आचके द्यायचं आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकायला लागायचा. हा दिवा नुसता लागून राहिला, तर गॅरेजपर्यंत जायला थोडी सवड असते. लुकलुकला, तर गाडी ताबडतोब सावकाश घ्यायची. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल तसंच पुढे जातं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि कन्व्हर्टर आतून जाळून टाकतं. कॅलिफोर्नियात राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने मान्य केलेलाच कन्व्हर्टर बसवावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून घाम फुटतो. त्यात गाडीचा स्मॉग चेक, म्हणजे धुराची सरकारी तपासणी, तोंडावर आलेला. दिवा लागलेली गाडी त्यात पास होत नाही, आणि स्मॉग पास नाही, तर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण नाही.

गाडी गॅरेजला नेली. हेच गॅरेज, जिथे काही महिन्यांपूर्वी ‘आठ’ प्लग बदलून घेतले होते. स्कॅनरवर कोड आला पी ०३०८, म्हणजे आठव्या सिलिंडरमध्ये मिसफायर. मॅनेजर म्हणाला, “प्लग तर आम्ही नवे घातलेत, त्यामुळे प्लगचा प्रश्नच नाही. कॉइल गेलीय.” कॉइल बदलली, पैसे दिले. पुढच्या चढावर तोच आचका, तोच कोड. मग इंजेक्टरवर संशय. मग म्हणे, “वीस वर्षांची गाडी आहे मॅडम, किती खर्च करणार? विकून टाका.” प्रत्येक वेळी तपासणीची फी वेगळी.

मी सरळ विचारलं, “आठवा प्लग काढून बघितलात का?” त्याने उत्तर दिलं नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ‘आलोच’ अशी खूण केली आणि मला म्हणाला, “घरी मिस्टर असतील तर त्यांना फोन करायला सांगा, मी त्यांना समजावून सांगतो.” माझं लहानपण सांगलीत वडिलांच्या गॅरेजमध्ये गेलंय. स्कूटरचा प्लग काढून, काजळी खरवडून परत बसवणं मी शाळेत असताना करत होते. हे त्याला सांगावं असं त्या क्षणी वाटलं नाही. किल्ली घेतली आणि निघाले.

वडिलांचं ते गॅरेज आता धाकटा भाऊ चालवतो. रात्री त्याला फोन केला. सगळं ऐकून घेऊन तो एवढंच म्हणाला, “अगं ताई, कॉइल बदलायच्या आधी प्लग तर बघायचा! आठवा पार मागं, भिंतीला लागून असणार. तिथं कोण हात घालतंय?”

त्याचं म्हणणं गाडी पाहिल्यावर पटतं. या इंजिनात विषम आकड्यांचे सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला आणि सम आकड्यांचे दुसऱ्या बाजूला असतात. सातवा आणि आठवा सगळ्यात मागे, केबिनच्या पत्र्याला खेटून. पुढचे प्लग उभ्याउभ्या निघतात. मागच्या दोघांसाठी मात्र चाक काढून, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर बाजूला करून हात घालावा लागतो, नाहीतर वरून आडवं पडून अंदाजाने काम करावं लागतं. घाईतल्या मेकॅनिकला नेमकं हेच नको असतं.

शनिवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, कामाला लागले. बॅटरीची ऋण तार आधी सोडली. पहिले सहा प्लग निमूटपणे निघाले. नवेच होते, टोकावर फिकट तपकिरी रंग, म्हणजे ते सिलिंडर व्यवस्थित जळत होते. त्यांच्यावर बसणाऱ्या तारांच्या रबरी टोप्यांच्या, म्हणजे बुटांच्या, आत ताजं पांढरं ग्रीस होतं. मग आठव्याकडे वळले. बूट हलेचना. अर्धा वेढा इकडे, अर्धा वेढा तिकडे फिरवत राहिले, तेव्हा तो निघाला, आणि निघताना तोंडापाशी फाटला. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर प्लगच्या चिनी मातीला भाजून चिकटलं होतं. आत ग्रीसचा मागमूस नाही. प्लगच्या षटकोनावर गंजाचा खरखरीत थर. टॉर्चच्या उजेडात मी तो प्लग बघत राहिले आणि सगळा उलगडा झाला. हा बूट काही महिन्यांपूर्वी कुणी काढला असता, तर तो असा चिकटलेला असणं शक्यच नव्हतं. सातव्याचीही तीच गत.

प्लग बाहेर आल्यावर फीलर गेजने फट मोजली. नव्या प्लगला ०.०४० इंच, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर फट असते. आठव्याची फट झिजून जवळजवळ दुप्पट झालेली. ठिणगीला जितकी लांब उडी मारावी लागते, तितका जास्त व्होल्टेज लागतो. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ती उडी आणखी अवघड होते. म्हणून सपाटीवर गाडी चालायची आणि आल्टामाँटला अडखळायची. कॉइल, इंजेक्टर, ‘गाडी विका’, हे सगळं त्या एका न काढलेल्या प्लगपायी.

दोन्ही जुने प्लग, फाटलेले बूट, फोटो आणि बिल घेऊन मी गॅरेजमध्ये गेले. मॅनेजरने प्लग हातातही घेतले नाहीत. म्हणाला, “हे तुमच्याच गाडीतले कशावरून?” आणि लगेच दुसरं, “तुम्ही स्वतः इंजिन उघडलंत, आता आमची वॉरंटी संपली.” पहिल्या वाक्यात प्लग माझे नाहीत आणि दुसऱ्या वाक्यात ते मीच काढलेत. दोन्ही एका दमात.

मग ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे तक्रार केली. कॅलिफोर्नियात गॅरेजांवर देखरेख करणारं हे राज्याचं खातं आहे आणि त्याच्याकडे तक्रार करायला पैसे पडत नाहीत. ते गॅरेजला पैसे परत करायला भाग पाडू शकत नाहीत, पण मध्यस्थी करतात. त्यांच्याकडून विचारणा झाल्यावर प्लगच्या कामाचे पैसे परत आले, ‘ग्राहकाच्या समाधानासाठी’ अशा शब्दांत. कॉइलचे आणि तपासणीच्या फीचे आलेच नाहीत. माफीचा तर विषयच नाही.

आता तुमच्यासाठी.

गाडी गॅरेजला देणार असाल, तर काम सुरू होण्याआधी जुने भाग परत मागा, आणि ते वर्कऑर्डरवर लिहून घ्या. कॅलिफोर्नियात हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, पण आधी मागितले तरच. काम झाल्यावर मागाल, तर ‘फेकून दिले’ असं ऐकून घ्यावं लागेल. अंदाजपत्रकही लेखी घ्या. तुमच्या परवानगीशिवाय त्याहून जास्त पैसे लावता येत नाहीत. आणखी एक: गाडी सोडण्याआधी मागच्या दोन बुटांवर आणि त्यांच्या शेजारच्या धातूवर सलग जाईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. बूट निघाला, की ती रेघ तुटते.

कुणी कॉइल खराब म्हटलं, तर पैसे देण्याआधी एक चाचणी करायला सांगा. आठव्याची कॉइल दोन नंबरच्या सिलिंडरवर लावायची आणि दोन नंबरची आठव्यावर. कोड पी ०३०२ झाला, तर दोष कॉइलबरोबर गेला, म्हणजे कॉइलच खराब. पी ०३०८ च राहिला, तर कॉइल निर्दोष. या इंजिनात कॉइली वरच, हाताशी असतात. हे काम पटकन होतं. माझ्याबाबतीत ते केलं गेलं नाही.

स्वतः करणार असाल, तर सुरुवात मागच्या प्लगपासून करा. अंगात जोर आणि डोक्यात शांतपणा सकाळी असतो, दुपारी नाही. इंजिन पूर्ण थंड हवं, कारण सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि गरम असताना आटे ओरबाडले जातात. प्लग सैल करण्याआधी भोवतालची धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. तार ओढू नका, बूट फिरवून काढा. प्लग पाव वेढा सैल करून आत गंज सोडवणारं तेल टाका आणि थांबा. अडला, तर जोर न लावता थोडा परत घट्ट करा, मग पुन्हा सोडवा. एका वेळी एकच सिलिंडर.

नवा प्लग बसवताना आधी पाना नकोच. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून तो हाताने फिरवा. आटे वाकडे धरले गेले, तर नळी घसरते आणि तुम्ही वेळीच थांबता. शेवटी टॉर्क पाना, ११ पाउंड-फूट, म्हणजे १५ न्यूटन-मीटर. हे ऐकायला फार कमी वाटतं. पुरुषमंडळींना तर हमखास आणखी एक हिसका द्यावासा वाटतो. देऊ नका. आट्यांना अँटी-सीझ फासायची गरज नाही. प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, आणि वंगण लागल्यावर तेवढ्याच टॉर्कला प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. ग्रीस बुटाच्या आत, तेही विद्युतरोधक.

आपल्याकडची स्कूटरची सवय इथे विसरा. इरिडियमच्या प्लगला पॉलिशपेपर किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही. मधलं टोक सुईइतकं बारीक असतं, त्यावर जोर देऊन फटही वाढवायची नाही. जुना प्लग घासून परत बसवण्यात काटकसर नाही. हे प्लग साधारण एक लाख मैल टिकतात, बदलायचे तेव्हा सगळे आठ बदला. नामांकित कंपनीचे प्लग ओळखीच्या दुकानातून घ्या. ऑनलाइन निम्म्या भावात मिळतात, त्यात नकली बरेच.

काढलेले प्लग क्रमाने मांडून ठेवा. फिकट तपकिरी रंग चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. ओलसर, तेलकट काळा म्हणजे तेल आत येतंय. पांढरा फटक म्हणजे फार तापतंय. चिनी मातीवर काळी रेघ दिसली, तर ठिणगी आत न जाता बाहेरूनच पळतेय, तेव्हा बूटही बदला.

हे सगळं माझ्या गाडीचं झालं. तुमच्या गाडीचं पुस्तक वेगळं सांगत असेल, तर पुस्तकाचं ऐका. विशेषतः फोर्डची २००४ ते २००८ या काळातली, ५.४ लिटर आणि तीन व्हॉल्व्हची एफ-१५० असेल, तर सहज म्हणून पाना लावू नका. तिच्या मूळ प्लगला लांब नळीसारखा भाग असतो, तो कार्बनने हेडमध्ये धरला जातो आणि काढताना प्लग तुटून अर्धा आत राहतो. ते काढण्याची वेगळी पद्धत कंपनीनेच डीलरांना लेखी दिलेली आहे आणि तुटलेला तुकडा काढायचं खास हत्यारही मिळतं. ते हाताशी नसेल, तर हे काम जाणत्याकडेच द्या.

काम झाल्यावर स्कॅनरने कोड पुसून लगेच स्मॉग चेकला धावू नका. कोड पुसले, की गाडीच्या संगणकातल्या स्वयंतपासण्याही शून्यावर येतात आणि त्या पूर्ण झालेल्या नसतील, तर गाडी नापास होते. थोडे दिवस शहरात, थोडे हायवेवर चालवा, स्वस्तातल्या स्कॅनरवरही त्या पूर्ण झाल्या की नाही ते दिसतं. मग जा. माझी गाडी पहिल्याच फटक्यात पास झाली. आल्टामाँट आता चौथ्या गिअरमध्येच चढते.

एका मैत्रिणीने परवा विचारलं, “मग आता गाडी कुठल्या गॅरेजला देतेस?” प्लग, फिल्टर, ब्रेकचे पॅड मी घरीच करते. बाकीच्या कामांना दुसरं गॅरेज धरलंय. तिथेही पहिलं वाक्य तेच: जुने भाग मला परत हवेत, तसं लिहा. तिथल्या माणसाने मुकाट्याने लिहिलं आणि काम झाल्यावर भाग खोक्यात घालून दिले. प्रामाणिक गॅरेजला या मागणीचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडून किल्ली परत घ्या.